मूळपुरुष आणि बांध

गेल्या महिन्यात काकांनी आमची वंशावळ माझ्याकडे सोपवली. "तू कॉम्प्युटरवाला, नीट चढवून ठेव." शनिवारी एक्सेल उघडून बसलो. अकरा पिढ्या. सगळ्यात वर मूळपुरुष आणि त्यांच्यापुढे एक ओळ: 'यांनी खाजणात बांध घालून गाव वसविले.'

आमचं गाव अलिबाग तालुक्यात, खाडीला लागून. ही ओळ लहानपणापासून ऐकतोय. या वेळी मात्र प्रश्न पडला, एकट्या माणसाने बांध घातला कसा?

खाजण म्हणजे भरतीचं पाणी शिरते ती चिखलाची जमीन. तिथे भात पिकवायचं तर आधी समुद्र अडवायला हवा. त्यासाठी बांध, आणि बांधात उघाडी. ही झडप ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते आणि भरतीच्या दाबाने आपोआप मिटते (चक्क वन-वे व्हॉल्व्ह!). मग काही पावसाळे मीठ धुऊन जायची वाट बघायची. आणि एवढं करूनही भागत नाही. उधाणात खांड पडली की शेत पुन्हा खारं. मग घरटी माणूस चिखलात उतरणार, खांड बुजवणार. आमच्याकडे याला जोळ म्हणतात.

चिखलात उतरायची ती बहुतेक आगरी कुळं. कागदावर नाव खोताचं. आणि खोत म्हणजे आम्ही!

1933 साली चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची शेती करायचं बंद केलं. आजूबाजूची गावंही त्यात उतरली. संप 1939 पर्यंत चालला. मधेच, 1937 मध्ये, डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. खोती कायद्याने जायला मात्र स्वातंत्र्य यावं लागलं.

आजी त्या वर्षांना 'वाईट दिवस' म्हणायची. शेतात नुसतं गवत माजलं होतं म्हणे. तेव्हा मला आजीचं वाईट वाटायचं. समोरच्या घरांत त्या सहा वर्षांत चूल कशी पेटली असेल, हे विचारायचं सुचलंच नाही. आता विचारायला आजी नाही.

काकांना फोन केला. म्हटलं, "त्या ओळीत 'यांनी आणि गावच्या कुळांनी' असं करू का?"

"अरे, वंशावळ आहे ती, हजेरीपट नव्हे."

बरोबर आहे काकांचं. फक्त हजेरीपट कुणी ठेवलाच नाही. असो. ओळ मी बदलली आहे. फाईल अजून पाठवलेली नाही.