जालन्याची वाहतूक आणि धुराचा हिशोब

हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेच्या मीटरगेज मार्गावरून कोळशाची इंजिने विसाव्या शतकाच्या तोंडावर जालन्यात आली. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवाही सुरू केली. मराठवाड्यातली ही सेवा पुढे एसटीत मिसळली. धूर तेव्हा कोणी मोजत नसे, इंधनाचा खर्च मात्र काटेकोर लिहिला जाई. गंमत म्हणजे उत्सर्जन आजही त्याच खतावणीतून काढतात: एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड.

जालना-मुंबई वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ रोजी विजेवर सुरू झाली. भारतीय रेल्वेने २०३० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. वीज कोळशाची असेल, तर धूर इंजिनातून औष्णिक केंद्राच्या धुरांड्याकडे सरकतो. रेल्वेच्या हिशोबात तो अप्रत्यक्ष उत्सर्जन म्हणून धरावा लागतो.