बुलेट, फर्स्ट परेड आणि पाना

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लष्कराने सरहद्दीवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीची रॉयल एनफिल्ड बुलेट निवडली. तेव्हा गाड्या इंग्लंडमधल्या रेडिचहून येत. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचच्या कंपनीने मिळून एनफिल्ड इंडिया काढली, आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला बुलेट तयार होऊ लागली. १९७० पर्यंत ब्रिटनमधलं उत्पादन थांबलं. मद्रासचं मात्र पुढे कित्येक वर्षं जवळपास त्याच इंजिनावर चालू राहिलं.

पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्याला हा इतिहास उपयोगाचा आहे. वाटेत बिघाड झाला तर दुरुस्ती चालवणाऱ्यानेच करायची, अशा काळातलं हे इंजिन. त्यामुळे रोज लागणारं सगळं हाताशी आहे. टॅपेट बघायला सिलिंडरच्या बाजूचं छोटं झाकण काढलं की पुरतं. इंजिन थंड हवं आणि पिस्टन कॉम्प्रेशनला अगदी वर. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, ती फीलर गेजने मोजायची. किक मारण्यापूर्वी अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आला, की पिस्टन कुठे आहे ते कळतं.

फौजेने यात भर घातली ती शिस्तीची. गाडी बाहेर काढण्याआधी फर्स्ट परेड: पेट्रोल, तेल, टायरची हवा, चेनचा ताण, ब्रेक, क्लचची केबल, दिवे, ढिले नटबोल्ट. सिग्नल्सच्या डिस्पॅच रायडरच्या थैलीत संदेश असे. तुटायला आलेली केबल सकाळी दिसली नाही, तर तो संदेश वाटेतच अडकणार. म्हणून तपासणी मेकॅनिकची नव्हे, चालवणाऱ्याची.

नवशिक्याने हाच क्रम धरावा. पहिला महिना काहीही न खोलता रोज फक्त बघावं. मग चेन आणि केबल, त्यानंतर प्लग, आणि हात बसल्यावर पॉइंट आणि टॅपेट. लडाखसारख्या उंचीवर हवा विरळ होते, कार्ब्युरेटरचं मिश्रण पेट्रोलकडे झुकतं आणि प्लग काळा पडतो. आपला प्लग नेहमी कसा दिसतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच हा फरक ओळखता येतो.

आताच्या बुलेटमध्ये फ्युएल इंजेक्शन आहे, पॉइंट नाहीत. काही बिघाड आता स्कॅनर लावूनच शोधावे लागतात. चेन, केबल, ब्रेक आणि टायर मात्र आजही रोज सकाळी नजर मागतात. पेन्शनीत गेलेल्या अनेक फौजींच्या दारात जुनी बुलेट उभी आहे. घरातल्या पोरांना तिची चावी द्याल, तेव्हा फर्स्ट परेडही शिकवा.