डिजिटल दूरचित्रवाणी : क्षीण संकेताच्या प्रदेशातील ग्रहण

जमिनीवरील मनोऱ्यांवरून प्रक्षेपित होणारी डिजिटल दूरचित्रवाणी, तिचे संकेत दुबळे पोहोचतात अशा ठिकाणी पाहता यावी म्हणून योजलेले उपाय. ब्रिटनमध्ये ॲनालॉग प्रक्षेपण २००७ ते २०१२ या काळात टप्प्याटप्प्याने बंद झाले, तेव्हा हा प्रश्न घरोघरी पोहोचला.

ॲनालॉग चित्रात संकेत घटला की पडद्यावर मुंग्या येत, पण बातम्या कळत. डिजिटल चित्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष राहते. ती ओलांडताच ठोकळे उमटतात, आवाज तुटतो आणि पडदा कोरा होतो. हा सारा फरक अवघ्या एक-दोन डेसिबलचा असतो. त्यामुळे कोरड्या हवेत दिसलेले स्वच्छ चित्र हा पुरावा मानू नये. समोरच्या झाडांना पालवी फुटली की तेच चित्र जाऊ शकते.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. वेल्स आणि स्कॉटलंडमधील दऱ्या त्यामुळे सावलीत राहतात. त्यांच्यासाठी देशभर हजाराहून अधिक छोटी सहक्षेपण केंद्रे उभारली आहेत. मात्र त्यांतील बहुतेकांवरून सहापैकी तीनच वाहिनीसमूह मिळतात. म्हणून पुष्कळ घरे दूरच्या मुख्य केंद्राकडेच अँटेना वळवतात. मुख्य केंद्रासाठी अँटेनाच्या दांड्या बहुधा आडव्या, तर सहक्षेपण केंद्रासाठी बहुधा उभ्या ठेवाव्या लागतात. यात चूक झाली तर बहुतांश संकेत वाया जातो.

खरा उपाय अँटेनाच. ती पोटमाळ्यावर नको, छपरावर हवी. शक्य तितकी उंच आणि अनेक दांड्यांची. अर्धा मीटर सरकवल्यानेही फरक पडतो. गच्चीवर अँटेना फिरवताना खालून येणारी ‘आलं, आलं’ ही हाक दूरदर्शनच्या पिढीला आठवत असेल. डिजिटल संचाला चित्र जुळवायला काही सेकंद लागतात, त्यामुळे अँटेना थोडी वळवून थांबावे. वाचावी ती संकेताची गुणवत्ता. नुसती तीव्रता फसवते.

बूस्टरवर लोक नको तितका विश्वास टाकतात. तो संकेताबरोबर गोंगाटही वाढवतो. दहा मीटर केबलमध्ये सुमारे दोन डेसिबल संकेत जिरतो, तेव्हा बूस्टर अँटेनाजवळ खांबावर बसवला तरच ती तूट भरून निघते. संचामागे लावलेला बहुधा निरुपयोगी ठरतो. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीसाठी आता ४७० ते ६९४ मेगाहर्ट्‌झ एवढाच पट्टा उरला असून त्याहून वरच्या लहरी मोबाइलकडे गेल्या आहेत. जुने बूस्टर त्याही ओढून घेतात आणि गुदमरतात. अशा वेळी आधी फिल्टर बसवावा.

डोंगरामुळे काहीच पोहोचत नसेल, तर बीबीसी आणि आयटीव्ही यांनी २००८ मध्ये सुरू केलेली, मासिक वर्गणी नसलेली फ्रीसॅट ही उपग्रहसेवा घेता येते.