श्रान्त स्नायू : विद्युत् आणि बल यांची फारकत

मावळातील वडिवळ्याच्या भातखाचरांत पावसाळ्यात आवणी चालते. दिवसभर वाकून रोपे लावणाऱ्या बाईचे हात रात्रीच्या विसाव्याने हलके होतात. परंतु दुसऱ्या दिवशी तेच काम तिला अधिक जड वाटते. पाहणारा यास सहज आळस म्हणून मोकळा होतो. शीण नेमका कोठे वसतो, हा प्रश्न त्यामुळे केवळ शास्त्रीय राहत नाही. श्रमाच्या न्यायाशीही तो निगडित आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत तुरीन येथे अँजेलो मोसो याने बोटाने वजन पुनःपुन्हा उचलवून शिणाचा आलेख काढला. याच मावळात लोणावळ्यास १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापिले आणि आसन-प्राणायामांच्या शारीरिक परिणामांचे मापन हाती घेतले. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्ड येथे लिडेल व शेरिंग्टन यांनी ‘प्रेरक एकक’ ही कल्पना मांडली. मज्जारज्जूतील एक चेतापेशी आणि तिच्या शाखांनी जोडलेले सर्व स्नायुतंतू मिळून हे एकक होते. १९२९ मध्ये एड्रियन व ब्राँक यांनी सुईसारख्या विद्युदग्राने अशा एककांचे विद्युत्‌स्पंद माणसाच्या स्नायूत टिपले.

सर्व एकके सारखीच थकत नाहीत. मांजराच्या पोटरीच्या स्नायूवरील प्रयोगांतून बर्क व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्यांचे तीन मुख्य प्रकार दाखविले : बलवान परंतु लवकर थकणारी, वेगवान परंतु टिकाऊ, आणि मंद परंतु चिवट.

थकव्यात विद्युत्‌स्पंद रुंदावतात आणि तंतूवरून त्यांचा प्रवास मंदावतो. पेशीबाहेर साचणारे पोटॅशियम हे त्याचे एक कारण होय. आकुंचनाचे बल घटते व शिथिलीकरणास विलंब लागतो. ही दोन्ही अंगे मात्र एकत्र चालत नाहीत. १९५४ मध्ये मर्टन याने अंगठ्याचा स्नायू पुरता थकविल्यावर त्याच्या चेतेस बाहेरून विद्युत्‌धक्के दिले. स्नायूचा विद्युत्‌प्रतिसाद फारसा उणावला नव्हता, तरी गेलेले बल परत आले नाही. दोष इच्छाशक्तीचा नसून स्नायूचा होता. पुढील प्रयोगांनी मेंदू व मज्जारज्जू यांचाही वाटा दाखविला. तथापि विद्युत् शाबूत असतानाही बल हरपू शकते, हा निष्कर्ष टिकून राहिला.

१९७७ मध्ये एडवर्ड्‌स, हिल, जोन्स व मर्टन यांनी आणखी एक पाऊल टाकले. भारी श्रमानंतर जलद धक्क्यांना स्नायू पुन्हा जोमाने प्रतिसाद देऊ लागतो. परंतु सेकंदाला २० धक्क्यांसारख्या मंद उत्तेजनाला मिळणारे बल कित्येक तास, कधी दिवसभरही, उणेच राहते. तंतूच्या पृष्ठावरील स्पंद आत पोहोचल्यावर मोकळे व्हावयाचे कॅल्शियम पुरेसे मोकळे होत नाही, हे त्यामागील एक प्रमुख कारण मानले जाते. रोजच्या कामात एकके बहुधा अशाच मंद गतीने स्पंदतात; त्यामुळे तेवढेच बल मिळविण्यासाठी अधिक एकके कामास लावावी लागतात किंवा त्यांची गती वाढवावी लागते. काम तेच असून ते जड का वाटते, याचा उलगडा येथे होतो.

मराठीत ‘हात भरून येणे’ आणि ‘हात गळणे’ हे दोन प्रयोग वेगळे आहेत. पहिल्यात जडपणाची जाणीव आहे, दुसऱ्यात बलाचा ऱ्हास. प्रयोगशाळेने पाऊण शतक खपून जी फारकत मोजली ती हीच नव्हे. परंतु शीण एकजिनसी नसतो, हे भाषेलाही ठाऊक होते. विसावा घेऊन उठलेली मजूर बाई ताजी दिसते म्हणून तिचा स्नायू सावरला असे होत नाही. तिच्या मंदावलेल्या हातांना आळशी ठरविण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावयास हवे.