ऋणनिर्देश आणि वाचकाचे स्थान

मराठी नियतकालिकांचा इतिहास प्रामुख्याने संपादकांच्या नावे लिहिला गेला आहे. वाचक त्यात येतो तो वर्गणीदारांच्या संख्येपुरता, अथवा वर्षारंभीच्या निवेदनात ज्याचे आभार मानायचे असा एक अनामिक समूह म्हणून. एकोणिसाव्या शतकात या समूहाला ‘उदार आश्रयदाते’ असे संबोधले जाई. परंतु आश्रयदाता म्हणून केलेला गौरव आणि विचारव्यवहारातील सहभागी म्हणून दिलेली मान्यता या भिन्न गोष्टी होत. पहिलीने केवळ पैशाचे ऋण फिटते. दुसरीसाठी संपादकाला आपल्या अधिकाराचा काही अंश सोडावा लागतो.

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये वाचकांच्या पत्रांना जागा होती. ही जागा किती फलदायी ठरू शकते, हे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ने दाखवून दिले. गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिलेली ‘शतपत्रे’ १८४८ ते १८५० या काळात तेथे प्रसिद्ध झाली. त्यांनी पत्राचा घाट स्वीकारला, ही बाब गौण नाही. पत्रलेखक हा संपादक नव्हे आणि ग्रंथकारही नव्हे. तो वाचकांतूनच उठून बोलत असतो. आधुनिक मराठी वैचारिक गद्याचा एक पाया अशा प्रकारे पत्ररूप लेखनात घातला गेला.

अर्थात, बोलू शकणारा वाचक कोण, हा प्रश्न उरतोच. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने फुले यांच्या शाळेतील मुक्ता या मातंग विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला. मिशनऱ्यांच्या पत्राचे हेतू वेगळे तपासता येतील. परंतु ज्यांना वाचकही मानले जात नव्हते त्यांच्यातील एक मुलगी येथे लेखिका झाली. याउलट १८७४ पासून निघालेली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ बहुतांशी एकहाती होती. तिने मराठी गद्याला सामर्थ्य दिले. तिच्यातील वाचकाची भूमिका मात्र मुख्यत्वे श्रोत्याची राहिली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रांपुढे हा प्रश्न अधिक कठोर रूपात उभा राहिला. ‘मूकनायक’ (१९२०) व ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) यांचा वाचक दरिद्री होता, बहुधा निरक्षरही. त्यामुळे आश्रयदात्याची जुनी कल्पना येथे लागूच पडत नव्हती. ‘बहिष्कृत भारत’चा बहुतेक मजकूर स्वतः लिहिणाऱ्या आंबेडकरांनी १९२८ मध्ये या पत्राचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असा प्रश्न लेखाच्या शीर्षकातूनच विचारला. येथे आभाराची दिशा उलटली आहे. पत्राने वाचकांचे ऋण मानावे ही रीत. येथे पत्राचे ऋण समाजावर आहे, असे सांगितले जाते. ही वाचकाची अवहेलना नव्हे. ज्याच्याकडून जबाबदारीची अपेक्षा धरली जाते, त्याला समान मानलेले असते. हा मान औपचारिक कृतज्ञतेत नसतो.

‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये बंद पडले. तेव्हा त्याचे मूल्यमापन वर्गणीच्या हिशेबावर करता येणार नाही. वाचकाला लिहिण्याचा, उत्तर देण्याचा आणि उत्तरदायी असण्याचा अधिकार कोणत्या नियतकालिकाने किती दिला, या निकषावर मराठी नियतकालिकांच्या इतिहासाची फेरमांडणी झाली पाहिजे. तसे झाल्यास संपादकांच्या नामावळीत आज न दिसणारी अनेक माणसे वाङ्मयेतिहासात दिसू लागतील.