एरंडेलापासून डॉट-४ पर्यंत : ब्रेक ऑइलची गोष्ट

इंदूरपासून हैदराबादपर्यंत कुठल्याही गॅरेजात जा, त्या छोट्या बाटलीला सगळे ‘ब्रेक ऑइल’च म्हणतात. आजच्या बाटलीत खरं तर तेलाचा थेंबही नसतो. नावावर भुलून कुणी त्या टाकीत इंजिन ऑइल ओतलं, तर आतले रबरी वायसर फुगतात आणि ब्रेकची वाट लागते. पण हे नाव आकाशातून पडलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी तिथे खरोखरच तेल होतं, आणि तेही आपल्या ओळखीचं. तिथूनच सुरुवात करू, कारण घरी ब्रेक ऑइल बदलताना जे नियम पाळायचे, त्यातला जवळजवळ प्रत्येक नियम या इतिहासातून आला आहे.

आधीच्या गाड्यांना ब्रेक होते ते सळया आणि तारांचे. पाय दाबला की सळई ओढली जायची. दोन चाकांपुरतं हे चालून गेलं. चारही चाकांना ब्रेक लावायचे म्हटल्यावर पंचाईत झाली, कारण चारही तारा सारख्याच ताणलेल्या हव्यात. एक जरा सैल पडली की गाडी एका बाजूला ओढते. पुढची चाकं तर वळतात आणि उसळतातही. त्यांची सळई जुळवणं ही मोठीच कटकट.

उत्तर भौतिकशास्त्रात आधीच होतं. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये त्यावर आधारलेल्या हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. तार असमान ओढू शकते, द्रव असमान दाबू शकत नाही. हे तत्त्व मोटारीत आणलं माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने. आडनावाचं मूळ स्पेलिंग वेगळंच होतं, लोक नीट उच्चार करेनात म्हणून भावांनी ते बदललं. हो, विमानवाले लॉकहीड तेच. माल्कम आणि ॲलन या भावांनी आधी एकत्र विमानं बनवली, मग माल्कम ब्रेककडे वळला. आपल्या हवाई दलाचं सी-१३०जे विमान २०१३ च्या ऑगस्टमध्ये दौलत बेग ओल्डीला उतरलं, त्यावरचं नाव आणि ॲम्बॅसडरच्या ब्रेकवरचं नाव एकाच घरातलं, ही माझी आवडती योगायोगाची गोष्ट आहे.

१९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीच्या रेसिंग कारने चारही चाकांच्या हायड्रॉलिक ब्रेकवर फ्रेंच ग्रां प्री जिंकली. त्याच सुमारास त्यांची असे ब्रेक असलेली प्रवासी गाडीही बाजारात आली. ती श्रीमंतांची गाडी. मध्यमवर्गापर्यंत ही चैन आणली १९२४ च्या क्रायस्लरने. तोवर लॉकहीडच्या सिलिंडरमध्ये कातड्याचे वायसर असत आणि ते गळत. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी तिथे रबराचे कप बसवले, गळती आटोक्यात आली. फोर्डचा मात्र पोलादी सळईवरचा विश्वास ढळेना. चाकापर्यंतचा भरवसा एका पातळ नळीतल्या द्रवावर टाकणं त्यांना पटत नव्हतं. १९३९ मध्ये शेवटी त्यांनीही माघार घेतली. फोर्डची भीती मी मूर्खपणाची म्हणणार नाही. द्रव खराब झाला तर काय, हा त्यांचा प्रश्न बरोबरच होता. आपण आज तोच विसरलो आहोत.

आता द्रव कोणता? पाणी गोठतं, उकळतं आणि गंज चढवतं. खनिज तेलाने त्या काळचं नैसर्गिक रबर फुगतं. रबराला न दुखावणारं एक तेल होतं: एरंडेल. एरंडेलात मद्यार्क मिसळून पहिलं ‘ब्रेक ऑइल’ तयार झालं. बडोदा-मेहसाण्याकडच्या मराठी मंडळींना गंमत वाटेल; आज जगात एरंड सर्वांत जास्त भारतात आणि भारतात सर्वांत जास्त गुजरातेत पिकतो. पण एरंडेल थंडीत घट्ट होतं. ते पातळ ठेवायला घातलेला मद्यार्क लवकर उकळतो. गाड्यांचा वेग आणि वजन वाढलं, तसं हे मिश्रण अपुरं पडू लागलं आणि त्याची जागा ग्लायकॉल ईथर जातीच्या रसायनांनी घेतली. आजचं डॉट-३, डॉट-४ ते हेच. ‘डॉट’ म्हणजे अमेरिकेच्या परिवहन खात्याची आद्याक्षरं, कारण मानक त्यांचं.

इथे नीट लक्ष द्या. हा द्रव हवेतलं पाणी शोषतो. लोक याला दोष समजतात. वास्तविक यात मोठी सोय आहे. रबरी नळ्यांतून, झाकणाच्या फटीतून दमट हवा आत येणारच. ते पाणी द्रवात विरघळलं नाही, तर थेंब होऊन सर्वांत खालच्या जागी, म्हणजे चाकाजवळच्या सिलिंडरमध्ये साचेल. तिथेच गंज चढेल, तिथेच थंडीत बर्फ होईल आणि उतारावर सर्वांत आधी तिथेच वाफ होईल. ग्लायकॉल हे पाणी आपल्यात पसरवून घेतो, पण त्याची किंमत देतो. नव्या डॉट-३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर किमान १४० चालतो. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. म्हणजे बाटलीत असताना तो जेवढा तगडा, तेवढा दोन पावसाळ्यांनंतर नसतो. इंजिन ऑइल नेमाने बदलणारी माणसं ब्रेक ऑइल आठ-आठ वर्षं तसंच ठेवतात, पातळी कमी झाली की वरून थोडं ओततात. जुन्या ताकात चमचाभर नवं दही घातल्याने ते ताजं होत नाही!

पाणी न शोषणारं सिलिकोनचं डॉट-५ सुद्धा आहे. अमेरिकन लष्कराने १९८० च्या दशकात आपल्या वाहनांसाठी ते स्वीकारलं. त्यांचा हिशेब मला कळतो: गाडी वर्षानुवर्षं डेपोत उभी, आणि गरज पडेल त्या दिवशी वाळवंटात किंवा बर्फात सारखीच चालली पाहिजे. आपल्या घरच्या गाडीला ते चालत नाही. त्यात हवेचे बुडबुडे अडकून राहतात, एबीएसला ते मानवत नाही, आणि ग्लायकॉलमध्ये ते मिसळायचं नसतं. डॉट-५.१ मात्र ग्लायकॉलच आहे. नावं ठेवणाऱ्यांनी घोळ घालून ठेवला आहे, तेव्हा बाटली दोनदा वाचा.

हे आकडे घाटात जिवावर कसे येतात? १,२०० किलोची गाडी १,००० मीटर खाली उतरते, तेव्हा सुटणाऱ्या ऊर्जेत ३५ लिटरहून अधिक पाणी उकळीपर्यंत तापेल. महाबळेश्वरहून पोलादपूरला किंवा उटीहून कल्हट्टीच्या ३६ वळणांनी मसिनागुडीला उतरताना उतार याहूनही जास्त आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बराच भार इंजिन उचलतं. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवणाऱ्याची सगळी उष्णता डिस्क आणि ड्रममध्ये, तिथून द्रवात. द्रव उकळला की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पॅडल तळाला जातं आणि गाडी तशीच पुढे जाते. यात एक फसवी गोष्ट आहे. पाय दाबलेला असताना आतल्या दाबामुळे द्रव सहसा उकळत नाही, पाय काढल्यावर उकळतो. म्हणून उतार संपवून चहाला थांबलात, तापलेल्या डिस्कची उष्णता आत झिरपली आणि निघताना पॅडल मऊ लागलं, तर पुढे जाऊ नका. उंचीवर हवेचा दाब कमी, तिथे उकळी आणखी लवकर. खारदुंग ला हा खिंडीचा रस्ता ५,३५९ मीटरवर आहे, आणि तिथे पाणी सुमारे ८३ अंशांनाच उकळतं. ज्याने लेहला जायचा बेत केला आहे, त्याने टायरआधी ब्रेक ऑइल पाहावं असं माझं मत आहे.

आता प्रत्यक्ष काम. आधी गाडीचं मॅन्युअल वाचा: कोणतं डॉट, चाकांचा क्रम कोणता, आणि एबीएससाठी स्कॅनर लागतो का. २०१९ पासून आपल्याकडच्या सगळ्या नव्या कारमध्ये एबीएस आहे, तेव्हा हे टाळू नका. स्कॅनर लागत असेल, नळ्या गंजल्या असतील किंवा पॅडल आधीच मऊ असेल, तर हे घरचं काम नाही, मेकॅनिककडे जा.

एकट्याने करू नका. सपाट जागा, चाकांना ठोकळे, आणि गाडी जॅकवर नव्हे तर लोखंडी स्टँडवर. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. हा द्रव रंग खातो. सांडला तर लगेच पाण्याने धुवा. नवी, सीलबंद बाटली घ्या, साधारण एक लिटर पुरतं. गेल्या वर्षीची अर्धी उघडी बाटली वर्षभर पाणीच पीत बसली आहे.

टाकीतलं काळपट द्रव सिरिंजने काढा, पण टाकी रिकामी ठेवू नका. लगेच नवा भरा. मॅन्युअलने सांगितलेल्या चाकापासून सुरू करा, बहुधा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं. निप्पलला पारदर्शक नळी लावा, तिचं टोक थोडा नवा द्रव असलेल्या बाटलीत बुडवा. मग ड्रिल: तुम्ही म्हणाल ‘दाब’, जोडीदार हळू दाबून धरेल. तुम्ही निप्पल सैल कराल, द्रव बाहेर येईल, निप्पल बंद कराल, आणि मगच म्हणाल ‘सोड’. निप्पल उघडं असताना पाय उचलला तर हवा आत गेलीच. जुन्या गाडीत पॅडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा; एरवी न वापरलेल्या गंजक्या भागावर रबरी कप घासून फाटतो. पाच-सहा वेळा दाबलं की टाकी बघा, पातळी खाली जाऊ देऊ नका. नळीतून स्वच्छ, बुडबुडे नसलेला द्रव आला की पुढचं चाक. निप्पल अडकलं तर जोर लावू नका, ते तुटतं.

शेवटी पातळी ‘मॅक्स’पर्यंत, झाकण घट्ट. इंजिन चालू करून पॅडल दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर गाडी हलवू नका. घट्ट असेल तर मोकळ्या सपाट जागी पायी चालण्याच्या वेगाने तीन-चार वेळा ब्रेक लावून पाहा, हात हँडब्रेकवर ठेवून. मग प्रत्येक निप्पलभोवती कोरडं फडकं फिरवा, ओल लागते का बघा. काढलेला द्रव मोरीत ओतू नका, झाकणबंद बाटलीतून गॅरेजला द्या. आणि टाकीशेजारी चिकटपट्टी लावून तारीख, किलोमीटर आणि डॉटचा आकडा लिहा. दोन वर्षांनी बॉनेट उघडणारा कदाचित तुम्ही नसाल, तुमची मुलगी असेल.