कढईपुढे यंत्राची परीक्षा

बुलढाणा जिल्ह्यातला साखरखेर्डा इतिहासात येतो तो 1724 च्या लढाईमुळे. निजामाने इथे मुबारिझखानाला हरवले. राखेने भांडी घासणाऱ्या हातांची बखर कुणी लिहिली नाही.

भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट जोसेफिन कॉक्रेन यांनी अमेरिकेत 1886 मध्ये मिळवले. पहिली गिऱ्हाइके हॉटेले होती. घरांत तेवढे गरम पाणीच नसे. भारतात मागणी उसळली 2020 च्या टाळेबंदीत, कामवाल्या मावशी येईनात तेव्हा.

बुलढाण्यात मग कोणते यंत्र विकावे? बशांसाठी आखलेले तर नक्कीच नको. तेलकट कढईला उंच कप्पा आणि 70 अंशांचे पाणी लागते. बोअरच्या जड पाण्यासाठी मिठाची टाकी हवी, नाहीतर ग्लासांवर पांढरे डाग. पितळ काळवंडते, ते हातानेच घासावे. इथेही पहिले गिऱ्हाईक बहुधा मंगल कार्यालयच असेल.